काटा दिसत नाहीये

परवा फोनने आपण होऊन विचारलं, "अस्पष्ट फोटो काढून टाकायचे का?" खाली त्याने यादीच लावली होती. काळ्या कापडावर पांढरे ठिपके, माझा अर्धा अंगठा, खिडकीचा गज, पुन्हा पांढरे ठिपके. सगळे दोन वर्षांपूर्वीच्या पौषातले. फोनने हे विचारलं तेव्हा मी नाशिक फाट्यावर कंपनीच्या बसची वाट बघत उभा होतो. कानाला मफलर होता, तोंडातून वाफ निघत होती आणि बस नेहमीप्रमाणे उशिरा होती. मी यादी वर-खाली करत राहिलो. शेवटचा एक फोटो आला आणि मी फोन खिशात टाकून दिला.

थंडी अशी पडली की आमच्या पिंपळे गुरवच्या घरात माळ्यावरची परात खाली येते. ही परात आईची. राजगुरुनगरजवळच्या आमच्या गावातून येताना तिने भांडी, कपाट, पितळी हंडा सगळं भावकीत वाटून टाकलं, पण परात कुणाला दिली नाही. या परातीत ती संक्रांतीचा हलवा करते आणि त्या हलव्याचे दागिने माझी बायको वर्षा ओवते. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला काळ्या साडीवर घालायचे ते पांढरे दागिने. तन्मणी, बाजूबंद, नथ, कंबरपट्टा. दिवसभर मिरवायचे आणि नंतर कुणीतरी खाऊन टाकायचे. साखरेचा दागिना कोण जपून ठेवणार?

हलवा म्हटलं की काटा आला. तिळाचा दाणा परातीत, खाली मंद आच, चमच्याने थेंब थेंब पाक, आणि बोटांच्या टोकांनी तो सारखा फिरवत राहायचा. एका बैठकीचं हे काम नव्हे. रोज सकाळी थोडं, असं चार-पाच दिवस चालतं. दाणा फुगत जातो, आणि पाक बेताचा असला, हवा कोरडी गार असली, तर एका सकाळी त्याच्या अंगभर बारीक काटे फुटतात. ते का फुटतात हे मला अजून नीट कळलेलं नाही. लहानपणी मी आईला विचारलं होतं. ती परातीवरून नजर न काढता म्हणाली होती, "थंडी वाजती त्याला. आपल्या अंगावर न्हाई का येत काटा? तसाच."

मला हे उत्तर पटलं होतं. खरं सांगायचं तर अजूनही पटतं.

माझी नोकरी चाकणला, क्वालिटी खात्यात. दिवसभर मायक्रोमीटर लावायचा, आकडा बघायचा, पास म्हणायचं नाहीतर रिजेक्ट म्हणायचं. अशा नोकरीने माणूस घरी जरा त्रासदायक होतो. पोळीचा काठ जाड राहिलेला मला दिसतो. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं असेल तर मला जेवण जात नाही. वर्षाने हे फार सोसलं आहे. म्हणूनच त्या वर्षी तिने हलव्याच्या दागिन्यांचे फोटो काढायचं काम माझ्यावर सोपवलं, तेव्हा त्यात थोडा सूडही असावा.

तोवर आमचे दागिने ओळखीपाळखीतच जायचे. लोक घरी यायचे, हातात घेऊन बघायचे, आईला नमस्कार करून न्यायचे. गावाकडे आईच्या हलव्याचं नाव होतं. चार वाड्यांत कुठेही नवी सून आली की निरोप यायचा, "आत्याबाईंना म्हणावं, तुमच्या हातचा काटा पायजे." गाव सुटलं, वडील गेले, सोसायटीच्या लिफ्टमध्ये आईला ओळखणारं कुणी नाही. तिचं स्वतःचं म्हणावं असं इथे त्या काट्याशिवाय काही उरलं नव्हतं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

त्या वर्षी वर्षाने दागिन्यांचे फोटो एका मोठ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले आणि हिंजवडीहून एका काकूंचा मेसेज आला. त्यांच्या सुनेची पहिली संक्रांत होती. त्यांनी लिहिलं होतं, "दागिने सुंदर आहेत. पण फोटो जरा क्लिअर पाठवाल का? झूम केलं की साबुदाणा वाटतोय. काटा दिसत नाहीये."

साबुदाणा! मी तो मेसेज आईला वाचून दाखवला नाही.

महिनाभर माझी सेकंड शिफ्ट होती, म्हणजे सकाळ मोकळी. मी कामाला लागलो. पहिल्यांदा कळलं की पांढऱ्या कागदावर पांढरा हलवा दिसतच नाही. मग वर्षाच्या काळ्या मखमलीच्या ब्लाऊजपीसवर ठेवला. आता हलवा दिसला, पण मखमलीवरचा एकेक धागा दोरखंडाएवढा दिसायला लागला. जवळून फोटो काढायला लागल्यावर घरात किती कचरा आहे हे कळतं. मी दाढीच्या ब्रशने मखमल झाडली. आई बघत होती. "दाढी कर की त्यापरीस," म्हणाली.

उन्हाची तीच गत. आमच्या गॅलरीत साडेआठला ऊन येतं. त्यात तन्मणी ठेवला तर नुसता पांढरा भगभगाट. सावलीत ठेवला तर मेलेला. मग खिडकीला बटर पेपर चिकटवला, तेव्हा उजेड दुधासारखा मऊ होऊन आत आला. दुसऱ्या बाजूला टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल उभा केला आणि दागिन्याची काळोखी बाजूही उजळली. हे असं का होतं, ऊन कागदातून गाळलं की ते वस्तूच्या कडेकडेने कसं वळतं, हे बघण्यात मी इतका रमलो की दोनदा चहा गार झाला. पन्नाशीला आलेला माणूस जमिनीवर पालथा पडून एका साखरेच्या दाण्याकडे बघतोय, आणि त्याला मजा येतेय. वर्षा माझ्यावरून ओलांडून जायची.

फोन फार जवळ नेला तर त्याला दिसेनासं होतं, हेही तेव्हाच कळलं. चार बोटं लांब धरायचा आणि मग हवा तेवढा भाग मोठा करायचा. दागिना तिरका असेल तर पुढचा दाणा लख्ख आणि मागचे धुक्यात. म्हणून तो फोनला समांतर हवा. बटण दाबताना हात हलतो, म्हणून टायमर लावायचा. जुन्या टेबललॅम्पची वाकडी मान कापून मी फोनला स्टँड केला. इतकं करूनही दाणे गोलच. कडा मऊ, अंग गुळगुळीत.

एका सकाळी मी शोध लावला की सोसायटीच्या पाण्याच्या पंपाने फरशी थरथरते. मी खाली धावत गेलो आणि वॉचमनकाकांना म्हटलं, पाच मिनिटं पंप बंद ठेवता का, फोटो काढायचाय. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कुणाचा फोटो हो, साहेब?"

"हलव्याचा," मी म्हटलं.

त्यांनी पंप बंद केला. माझ्यापासून लवकर सुटका व्हावी म्हणून केला असावा. फोटो तसाच आला.

त्या दिवशी कंपनीत चहाला बसलो असताना मी साळुंखेला सगळे फोटो दाखवले. साळुंखे माझ्या शेजारच्या टेबलावर गेज, म्हणजे मापायची उपकरणं, तपासतो आणि जगातल्या कुठल्याही प्रश्नाला गेजच्या भाषेत उत्तर देतो. त्याने दोन-तीन फोटो बघितले, बिस्कीट बुडवलं आणि म्हणाला, "राव, इतके दिवस गेजला शिव्या देताय. मास्टर लावून बघितला का?"

आमच्या खात्यात हा पहिला धडा असतो. माप चुकीचं येतंय असं वाटलं तर उपकरणाला दोष देण्याआधी त्याला मास्टर लावायचा. म्हणजे ज्याचं माप पक्कं ठाऊक आहे असा नमुना. मास्टरचं माप बरोबर आलं तर उपकरण ठीक आहे. मग चूक मालात आहे. वीस वर्षं मी नव्या पोरांना हे शिकवतो आहे. आणि आईच्या हलव्याला मास्टर लावावा हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. इतर कुणाचा माल असता तर पहिल्या दिवशी लावला असता.

मास्टर घरातच होता. गेल्या वर्षीचा एक बाजूबंद वर्षाने नमुना म्हणून बरणीत घालून, ती बरणी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली होती, दमट हवा लागू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी आई खाली उन्हात बसायला गेल्यावर मी तो काढला. तीच मखमल, तोच उजेड, तीच लॅम्पची मान. टायमर लावला. श्वास धरला. फोटो उघडून मोठा केला, तर अंगभर काटे. प्रत्येक काट्याला टोक, प्रत्येक टोकावर खिडकीचा एवढासा चौकोनी उजेड. फोन ठणठणीत होता.

मी यंदाचा दाणा बोटांत धरून फिरवला. तो नुसताच फिरला.

खरं सांगतो, मला भीती वाटली. आईच्या हाताचा काटा गेला होता आणि ते तिला ठाऊक नव्हतं. ते कसं ठाऊक नसेल, हा प्रश्न मग सुचला, आणि एकेक गोष्ट आठवायला लागली. बोटं तर परातीच्या चटक्यांनी कधीचीच निबर झालेली, भरवसा होता तो डोळ्यांवर. दूध उतू जाईपर्यंत न कळणं. लिफ्टमध्ये चुकीच्या मजल्याचं बटण. परातीसमोर बसल्यावर सारखं डोळ्यांना पदर लावणं आणि "धूर लई होतोय" म्हणणं. आमच्याकडे गॅस आहे. गॅसला कसला धूर?

मग मी एक वाईट गोष्ट केली. फोनमध्ये फोटो धारदार करण्याची एक पट्टी असते. यंदाच्या तन्मण्याचा फोटो घेतला आणि पट्टीवर बोट पुढे सरकवत नेलं. गुळगुळीत दाण्यांवर खरखर उमटली. अजून सरकवलं. काटे दिसायला लागले, अगदी खरे वाटावेत असे. हिंजवडीच्या काकूंना पाठवला की काम झालं. सुनेच्या गळ्यात गेल्यावर कोण झूम करून बघणार?

"हे असे येतात होय काटे," मागून वर्षा म्हणाली. ती केव्हापासून उभी होती कोण जाणे. माझ्याशेजारी बसली आणि तिने आपली बोटं माझ्यापुढे धरली. "दर वर्षी ओवताना बोटांची चाळण होते माझ्या. यंदा काहीच टोचलं नाही. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुम्ही फोन दुरुस्त करत होता. वाटलं, फोनच बिघडलेला निघेल." तिने बोटं मिटून घेतली. "आणि सुनेने कसं सांगायचं हो, की आई, तुमचा हात गेला?"

मी तो फोटो पुसून टाकला. रिजेक्ट मालावर पासचा शिक्का मी कंपनीत कधी मारला नाही. घरात मारणार होतो, तेही आईच्या नावावर. पण सांगायचं कसं, ते कळत नव्हतं. तीन दिवस आम्ही दोघंही आईशी नको इतकं गोड बोललो. तिला संशय यायला तेवढं पुरे होतं.

शेवटी मी सांगितलं नाही, दाखवलं. एक गेल्या वर्षीचा दाणा आणि एक यंदाचा, शेजारी शेजारी ठेवून फोटो काढला आणि टीव्हीवर लावला. दोन्ही दाणे कलिंगडाएवढे दिसायला लागले. आईला बोलावलं. ती पदराला हात पुसत आली, सोफ्यावर बसली आणि डोळे बारीक करून बघू लागली.

"हा डावीकडला झ्याक हाय," ती म्हणाली. "कुणी केलाय?"

"तूच. गेल्या साली."

ती खूश झाली. "आन् ह्यो दुसरा?"

वर्षा फरशीकडे बघायला लागली. मी म्हटलं, "हा पण तुझाच. यंदाचा."

आई उठली. टीव्हीजवळ गेली आणि त्या गोल दाण्यावर तिने हात ठेवला. परातीत फिरवते तशी तिची बोटं काचेवर हळूहळू फिरली. "पार गुळगुळीत," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "कवा कळलं तुला?"

"तीन दिवस झाले."

"आन् त्या फोनला कशापायी बोल लावत व्हतास एवढे दिस?"

ती आत गेली. परात धुतल्याचा आवाज आला, मग ती ओट्याखाली सरकवल्याचा. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात गॅस पेटला तो फक्त चहासाठी. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तसंच. संक्रांतीला आठवडा होता. थंडी कडाक्याची होती, वर्षानुवर्षांत पडली नव्हती अशी, आणि परात ओट्याखाली पालथी. मला ते बघवेना. वर्षाने काकूंना खरं ते कळवून टाकलं, की यंदा काटा आलेला नाही, पुन्हा प्रयत्न करतोय, जमेल असं सांगता येत नाही. त्यांचं उत्तर आलं, "थांबते. शेवटच्या दिवसापर्यंत थांबते."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर वाचत होतो. आई टीव्हीसमोर उभी होती. टीव्ही बंद होता.

"काय गं?"

"त्यो दाणा एवढा मोठा कसा दिसत व्हता ह्याच्यात?"

मी सांगितलं. फोन जे बघतो ते टीव्हीवर लावता येतं.

"फोटूच लागतो का? का हलतं बी दिसतं?"

"हलतं पण दिसतं."

तिने स्वयंपाकघराकडे मान वळवली. "मग परात दिसंल का?"

मला अजून ते आठवलं की हसू येतं आणि डोळेही भरून येतात. मला वाटत होतं ती आत रडत बसली आहे. आणि ती दोन दिवस हाच विचार करत होती.

मी लॅम्पची मान हॉलमध्ये आणली. टीव्हीसमोर पाट, पाटापुढे छोटी शेगडी, शेगडीवर परात आणि परातीच्या वर फोन. टीव्हीवर आईची बोटं आली, मनगटाएवढी जाड, प्रत्येक सुरकुती वेगळी. त्यांच्याखाली तीळ, वाटाण्याएवढे. पाकाचा थेंब पडला तो चमचाभर पडल्यासारखा दिसला. आई ओरडलीच. "आगं बया! एवढा पाक वतत व्हते म्या?"

टीव्हीवरचं चित्र हाताच्या जरासं मागे असायचं. आईचं बोट पुढे जायचं आणि टीव्हीतलं बोट क्षणभराने. पहिल्या दिवशी ती चिडली. "ही बाई मागं का ऱ्हाती माझ्या?" दुसऱ्या दिवशी तिनेच आपला हात हळू केला, टीव्हीतल्या बाईला बरोबर घेऊन चालल्यासारखा. आणि मला वाटतं काटा त्यानेच आला. पाक अर्धा झाला, हात धिमा झाला, बाहेर थंडी होतीच. चौथ्या सकाळी वर्षा अंबाडा घालता घालता टीव्हीकडे बघत थांबली. दाण्याच्या एका अंगाला बारीक खरखर दिसत होती. तिने वाकून परातीतला दाणा उचलला, बोटांत दाबला आणि हात झटकला.

"टोचला!" ती म्हणाली. इतक्या आनंदाने काही टोचल्याचं सांगणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

त्या हलव्याचा एकच फोटो मी काढला. बटर पेपरमधून येणारं साडेनऊचं ऊन, मखमल आणि तन्मणी. पहिल्याच झटक्यात लख्ख. पण तो कुणाला पाठवायला वेळच उरला नव्हता. दागिने ओवून होताहोता भोगीचा दिवस उजाडला, आणि मी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये मांडीवर खोकं धरून रिक्षात बसलो होतो. प्रत्येक खड्ड्याला खोकं वर उचलायचो. रिक्षावाल्याने विचारलं, "काचेचं आहे का भाऊ?" मी म्हटलं, साखरेचं आहे. तो उरलेला रस्ता हळू चालवत गेला.

त्यानंतर फेब्रुवारीत आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांचं, महिन्याच्या अंतराने. आता तिला सुईत दोरा ओवता येतो आणि कॅलेंडर तिरकं असेल तर माझ्याआधी तिला दिसतं. गेल्या वर्षापासून परात पुन्हा ओट्यावर गेली आहे. टीव्हीची गरज नाही. तरी परवा ती वर्षाला म्हणत होती, "ती टीव्हीतली बाई बरी व्हती. माझ्यापरीस सावकाश काम करायची."

फोनने काढून टाकायला सांगितलेल्या त्या यादीत शेवटचा फोटो हिंजवडीच्या काकूंनी पाठवलेला आहे. संक्रांतीच्या संध्याकाळी आलेला. आम्ही तिघं सोफ्यावर बसून त्याची वाटच बघत होतो. उघडला, तर पूर्ण हललेला. काळी साडी, पांढरे पट्टे, हसणारा एक चेहरा, मागे दिव्यांच्या रेघा. काढणाऱ्याचा हात तरी हलला होता नाहीतर सूनबाई तरी. मी झूम करून बघितलं. नथ कुठे आणि तन्मणी कुठे तेही कळत नव्हतं.

"एक फोटो धड काढता येत नाही लोकांना," मी वैतागून म्हटलं. वर्षाचाही चेहरा पडला. "दुसरा मागवू का?" ती म्हणाली.

आईने फोन मागितला. तेव्हा तिच्या डोळ्यांवर पडदा होताच. तिने फोन नाकाजवळ नेला, मग लांब धरला, मग पुन्हा जवळ घेतला. बराच वेळ बघत राहिली.

"नगं दुसरा," ती म्हणाली. "मान बघ पोरीची. कशी ताठ धरलीय. खांदं उचललेत, हनुवटी वर." आणि फोन माझ्या हातात देऊन ती तृप्तपणे मागे टेकली.

"टोचतोय तिला. आलाय काटा."